वस्तऱ्याचा पट्टा डोळे मिटून घ्यावा

माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नाही. उजवा हात चारचौघींसारखा. मुलीच्या लग्नात मेंदी काढायला आलेल्या पोरीने माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, "मावशी, पार्लरवालीने अर्ध्यातच सोडलं काय?" सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले. पाहुण्यांनी भरलेल्या घरात तिला कुठे सांगत बसू, की तीस वर्षं मी या हातावर वस्तरे चालवून बघतेय म्हणून!

कल्याणच्या बाजारात आमचं सलूनच्या सामानाचं दुकान आहे. कात्र्या, कंगवे, ब्रश, तुरटीच्या वड्या, आणि आता मशिनी, जेल, केसांचे नाना रंग. मी जन्मात कुणाची दाढी केलेली नाही. वडील गावी हत्यारांची धोकटी घेऊन घरोघर दाढ्या करायचे, नवरा इथे न्हाव्यांना सामान विकायचा, आणि मी त्या सामानातला एकच जिन्नस स्वतःच्या हातांनी करते. वस्तऱ्याचा पट्टा. तसा पट्टा कल्याण, डोंबिवली आणि ठाण्यात दुसरं कुणी करत नाही. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

ज्यांनी फक्त ब्लेडची दाढी पाहिली त्यांना हा पट्टा काय असतो ते सांगते. जुना वस्तरा म्हणजे पोलादाचं एकच लांब पातं. ते मुठीच्या खाचेत मिटतं. त्याची धार दगडावर लावतात. पण दगडावरून उतरलेली धार डोळ्यांना दिसत नसली तरी दातेरी असते, आणि एका दाढीत ती जराशी वळतेही. म्हणून प्रत्येक दाढीच्या आधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास वेळा ओढायचा. पाठ पुढे, धार मागे. त्याने धार सरळ होते आणि गालावर वस्तरा फिरतोय हे गिऱ्हाइकाला कळतही नाही. पट्टा वाईट असला तर जगातला सर्वांत चांगला वस्तराही केस कापत नाही, उपटतो.

हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. दुकानात पहिल्यांदा बसले तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं.

आमचे हे अचानक गेले. महिन्याभराने मी दुकानाचं शटर उघडलं. तेव्हा अजून खरे वस्तरे चालत होते. आठवड्याभरात एक विक्रेता नमुन्यांची पेटी घेऊन हजर झाला. त्याने काउंटरवर पट्टे मांडले आणि माझे डोळे दिपले. काळेभोर, आरशासारखे चकाकणारे, कडेने पांढऱ्या दोऱ्याची शिलाई, वर पितळी कडी. यांच्या वेळचे पट्टे त्यांच्यापुढे अगदी ओबडधोबड वाटत होते. मनात म्हटलं, बाईमाणसाच्या हाती दुकान आल्यावर जरा देखणेपण येऊ दे. सगळीच्या सगळी पेटी घेतली.

पंधरा दिवसांनी ठाण्याहून दत्तारामदादा आले. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पट्टा घ्यायला मात्र ते मुद्दाम कल्याणला यायचे, कारण यांच्या, म्हणजे त्यांच्या भाऊंच्या, हातावर त्यांचा विश्वास. त्यांनी आवाज चढवला नाही. पिशवीतून चकचकीत पट्टा काढला, माझ्याकडचीच सुरी मागितली आणि काउंटरवर पट्टा मधोमध उभा चिरला. आत चामडं नव्हतंच. चामड्याचा भुसा डिंकाने थापून वर प्लास्टिकचा थर दिलेला होता.

"काल सकाळी नवरदेवाची दाढी होती, वहिनी," ते म्हणाले. "हनुवटीखाली एवढी चीर गेली. हळदीच्या अंगाने पोरगा आरशात रक्त बघत बसला. त्याच्या आजोबांपासून त्या घरची दाढी मी करतोय."

मी म्हटलं, "दादा, दुसरा देते. पैसे नकोत."

"दुसरा कुठला? ह्याच पेटीतला?" ते उठले. "भाऊंनी हात लावून माल घेतला. तुम्ही डोळ्यांनी घेतलात. आता मी काय परत येणार नाही."

आणि ते खरंच आले नाहीत. त्या दिवशी दुपारी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून पिशवी घेतली आणि ज्यांना ज्यांना तो पट्टा विकला होता त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. कल्याण झालं, डोंबिवली झाली, ठाणं झालं. "पट्टा परत द्या, खोटा आहे," असं स्वतःच्या तोंडाने सांगत फिरले. काहींनी चहा पाजला. एकाने गिऱ्हाइकांसमोर "बायकांनी असल्या धंद्यात पडू नये" असं ऐकवलं. मला त्याचा राग आला, पण त्याच्या हातात माझाच पट्टा होता, तर बोलणार काय? दत्तारामदादांच्या दुकानासमोर दोनदा जाऊन आले. आत जायचा धीर झाला नाही. ती हुरहूर मनात राहिली ती राहिलीच.

मग मी लक्ष्मणकाकांना गाठलं. कल्याणात टांगे होते तेव्हा काका घोड्यांचे लगाम आणि पट्टे शिवायचे. टांगे गेले आणि काका दप्तरांचे बंद शिवू लागले. पट्टे आमचे हे त्यांच्याकडूनच करून घ्यायचे, हे मला तेव्हा कळलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकवीन. पण डोळे मिटून शिकावं लागंल."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत आहे. नव्हती. काका गोणपाटाखाली चामड्याचे तीन तुकडे ठेवायचे आणि मला वरून हात घालायला लावायचे. कुठलं पाठीचं, कुठलं पोटाचं? पाठीचं चामडं घट्ट असतं, बोट दाबलं की लगेच वर येतं. पोटाचं सैल, ओढलं की वाढतं आणि वाढलेलं परत जात नाही. तसल्या चामड्याचा पट्टा महिन्याभरात मधोमध झोळीसारखा लोंबतो, आणि लोंबत्या पट्ट्यावर धार गोल, म्हणजे बोथट होते. मग वास. बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याला ओल्या लाकडासारखा वास येतो. रसायनांत झटपट कमावलेल्याला औषधाच्या दुकानासारखा. मग मनगटाच्या आतल्या बाजूने घासून बघायचं. पट्ट्याने कातडीला किंचित धरलं पाहिजे. चिकटता कामा नये आणि घसरताही कामा नये. चुकले की काका नुसते "हं" म्हणायचे. त्या "हं"ची मला मास्तरांच्या छडीपेक्षा जास्त भीती वाटे.

म्हशीच्या पाठीचं, बाभळीत कमावलेलं चामडं महाग असतं. पण कमरेचे पट्टे आणि खोगिरं करणाऱ्यांकडे त्याचेच लांबट तुकडे उरतात आणि ते किलोवर मिळतात. ते रात्रभर भिजत टाकायचे, काचेच्या बाटलीने पाट्यावर लाटायचे, सावलीत खिळ्यांवर ताणून वाळवायचे आणि मग आठ दिवस नुसत्या तळहाताने रगडायचे. तेल नाही, पॉलिश नाही. मागच्या बाजूला दुसरा पट्टा लागतो तो कापडाचा, आधी त्यावर ओढून मग चामड्यावर यायचं. बाहेरदेशी त्यासाठी खास कापड वापरतात म्हणे. मी खाट विणतात ती सुती नवार लावते. असा पट्टा स्वस्त पडतो आणि स्वस्त दिसतो, आणि त्याची मला आता अजिबात लाज वाटत नाही.

पहिला पट्टा तयार झाल्यावर प्रश्न पडला, चांगला झाला की नाही हे कळणार कसं? काका म्हणाले, "वस्तरा वढ आन् हातावर केस कापून बघ. कोरडा केस न वढता गेला तर पट्टा पास." तेव्हापासून माझा डावा हात या धंद्याला वाहिलेला आहे.

मी शिकले आणि धंदा गेला. रोगांची भीती पसरली, सलूनवाले अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यांकडे वळले, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं. चांगलंच झालं ते, त्यात वाद नाही. पण माझा पट्टा कुणाला लागेना. काका गेले. मी जेल विकू लागले. हौस म्हणून महिन्याला एखादा पट्टा करत राहिले, त्याला मुलगी "आईचं लोणचं" म्हणायची, कारण ते नुसतंच मुरत पडायचं.

आणि मग सात-आठ वर्षांपूर्वी डोंबिवलीहून कॉम्प्युटरवाली पोरं यायला लागली. मोबाईलवर व्हिडिओ बघून वस्तऱ्याने दाढी करायची टूम निघालेली. त्यातला पहिला अजून आठवतो. मिशी राखलेला, हनुवटीवर तीन चिकटपट्ट्या. त्याने पेटीतून परदेशी पट्टा काढला. उत्तम चामडं, शंकाच नाही. आणि त्यावर आडव्या सात चिरा.

"आंटी, ये रिपेअर होगा क्या? म्हणजे, होईल का? पहिल्याच दिवशी कापला गेला यार."

मी म्हटलं, "वस्तरा वळवताना पाठीवर वळवायचा, धारेवर नाही. तू तो पोळीसारखा उलटवलास."

"व्हिडिओत तो फास्ट करतो ना एकदम!"

"त्याचं बघून तू कशाला फास्ट करतोस? तुझी कुठे गाडी सुटतेय? अरे, पहिला पट्टा कापला जाण्यासाठीच असतो. म्हणून पहिला स्वस्तातला घ्यायचा. पण स्वस्तातला म्हणजे टाकाऊ नाही, नाहीतर चूक तुझी की पट्ट्याची हेच तुला कळणार नाही."

मग त्याला मी शिकवलं ते सगळ्यांसाठी लिहिते. पट्टा वस्तऱ्याच्या पात्याहून रुंद घ्या, म्हणजे तिरकं ओढावं लागत नाही. लांबी हातभर पुरे. मध्ये जोड नको, कडेला शिलाई नको, कारण दोरा धारेला लागतो. चकाकी दिसली की दुकानाबाहेर पडा. ओल्या बोटाने एक थेंब लावा. खरं चामडं पाणी पितं आणि तिथे काळपट होतं, थर दिलेल्यावर थेंब तसाच बसून राहतो. दुमडून बघा, भेगा दिसल्या तर जुना माल आहे. आणि हे सगळं झालं की डोळे मिटा आणि हात फिरवा. त्या पोराने दुकानात डोळे मिटले तेव्हा बाजूचा टिकल्या विकणारा भय्या घाबरून विचारायला आला, "चक्कर आया क्या?"

चोखंदळ गिऱ्हाईक मला आवडतं. पण शीळफाट्याकडच्या एका गावचे पाटील आले तेव्हा मी हात टेकले. जमिनीचे पैसे आलेले, भली मोठी गाडी बाजाराच्या तोंडाशी आडवी लावलेली, आजोबांचा वस्तरा रेशमी रुमालात गुंडाळून आणलेला. वस्तरा मात्र मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. मिठागरात राबलेल्या माणसाचा तो वस्तरा, खाऱ्या हवेत राहूनही त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. मी माझा पट्टा पुढे केला. त्यांनी किंमत विचारली आणि नाक मुरडलं.

"वयनी, मना सगल्यात म्हाग दे. सस्ता नको. माज्या आज्याचा वस्तरा हाय यो."

"पाटील, याहून चांगला माझ्याकडे नाही."

"मंग म्हाग करून दे!"

शेवटी मी म्हटलं, "पट्टा हाच घ्या. महाग पाहिजे तर कडी चांदीची करून घ्या." मी चिडून बोलले होते. पाटलांना ते पटलं. पुढच्या महिन्यात ते कडी दाखवायला आले. कडीवर मोर कोरलेला. पट्टा तसाच, नवारीसकट.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर दुकानात फोन आला. "कल्याणच्या वहिनी ना? मी सुनंदा. ठाण्याच्या दत्तारामांची मुलगी."

मी स्टुलावर बसले.

दत्तारामदादा चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते. दुकान कधीच बंद झालं होतं, पण समोरच्या इमारतीतले प्रधान मास्तर दर बुधवारी आणि रविवारी त्यांच्या घरी येत आणि दादा त्यांची वस्तऱ्याने दाढी करत. आठवड्यातल्या त्या दोन सकाळी दादा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसत. बाकीचे पाच दिवस त्यांना अंथरुणातून उठवावं लागे. आणि सुनंदाने दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा पट्टा कपड्यांच्या पावडरीत भिजवून, घासून, गच्चीवर उन्हात वाळत घातला होता.

"काळा झालेला हो तो. मला वाटलं मळ आहे." तिचा आवाज फुटला. "पापडासारखा वाकडा झाला. मग ऑनलाइन मागवला. त्याने दोनदा मास्तरांना कापलं. आता बाबा म्हणतात, हातच गेला माझा. रविवारी अजून एकदा रक्त निघालं तर वस्तरा ठेवून देणार. ठेवून दिला ना वहिनी, तर ते उठणारच नाहीत."

"त्यांना सांगितलंस, मला फोन करतेयस म्हणून?"

"सांगितलं. म्हणाले, त्यांचा नको."

मी सहा पट्टे काढले, तीन वर्षं मुरलेले. डोळे मिटले. पाच बाजूला ठेवले. म्हाताऱ्या हाताला फार ओढ नको, म्हणून उरलेल्याला अजून चार दिवस तळहाताने रगडलं. रोज दोन वेळा हातावर केस कापून पाहिले. शनिवारी डाव्या हातावर कापायला काही उरलं नाही, तेव्हा उजव्याचे कापले.

रविवारी सकाळी ठाण्याला गेले. दादा खिडकीशी बसले होते. अंगाने अर्धे झालेले, पण सदरा पांढराशुभ्र. मला पाहून त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "सुनंदा, वहिनींना चहा टाक. चहा घेऊन पट्टा परत न्या, वहिनी. उगाच त्रास घेतलात."

मी पट्टा त्यांच्या मांडीवर ठेवला. "हात लावून बघा. खोटा निघाला तर तेव्हासारखाच चिरा, मी सुरी मागवते."

त्यांनी डोळे मिटले. अंगठा दाबला. नाकाशी नेला. बोट जिभेवर ओलं करून टेकवलं. मग वरपासून खालपर्यंत हात फिरवत नेला आणि एका जागी थांबवला.

"इथे कडक आहे."

"तिथे कडी येते, दादा. वरची चार बोटं मुद्दाम कडक ठेवलीत, म्हणजे ताण बसत नाही. वस्तरा तिथवर येत नाही."

"हं," ते म्हणाले. अगदी लक्ष्मणकाकांसारखे.

तोंडाला फेस लावून खुर्चीत बसलेले प्रधान मास्तर म्हणाले, "दत्ताराम, परीक्षा झाली असली तर फेस वाळायच्या आत बघा. आणि आज रक्त काढलंत तर मी दाढी वाढवून हिमालयात जाणार."

सुनंदाने कडी खिडकीच्या गजाला अडकवली. दादांनी वस्तरा उघडला तेव्हा पातं हवेत थरथरत होतं. ते चामड्याला टेकलं आणि त्याला वाट सापडली. वर, पाठीवर वळण, खाली. सावकाश. मी मोजत नव्हते, नुसता आवाज ऐकत होते. चांगल्या पट्ट्याचा आवाज कोरडा, एकसारखा येतो, मध्येच खर्र होत नाही. झाला नाही. मग ते मास्तरांकडे वळले. कानाच्या पाळीपासून पहिला हात उतरला. सुनंदा पदराने तोंड झाकून उभी होती. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

दाढी संपली. दादांनी ओल्या गालावरून तुरटी फिरवली. जरा जरी खरचटलं असलं तर तुरटी झोंबते आणि माणूस तोंड वाकडं करतो, कुणी कितीही लपवलं तरी. आम्ही तिघंही मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो.

"झोंबत नाही हो," मास्तर म्हणाले. त्यांनीच गालावरून हात फिरवला. "अजिबात नाही."

दादांनी वस्तरा पुसून मिटला. पट्ट्यावरून एकदा तळहात फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, ह्याच्या जोडीला दुसरा करून ठेवा."

सुनंदा रडता रडता हसली. "अहो बाबा, हा एकच पंधरा वर्षं जाईल!"

"मला शिकवतेस?" दादा म्हणाले. "मुरायला तीन वर्षं लागतात. आत्ता सांगून ठेवायला नको?"

परतीच्या रिक्षात मला रडू आवरेना. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "मावशी, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "अरे, ऑर्डर मिळाली." घरी पोचले आणि साडी न बदलता चामडं भिजत टाकलं.